आडनावांच्या वाटेने सातारा ते मिरज

साताऱ्यात एसटीतून उतरले की नजर आपोआप किल्ल्याकडे जाते. १७०० मध्ये औरंगजेबाने हा किल्ला घेतला आणि शहजादा आझमच्या नावावरून तो आझमतारा झाला. मराठ्यांनी परत मिळवल्यावर तो अजिंक्यतारा झाला. शहराचे नाव सातारा ते सातारच. सतरा दरवाजे, सतरा बुरूज अशी त्याची फोड लोक सांगतात. आम्हाला ती मागाहून जुळवलेली वाटते.

याच साताऱ्यात इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह केला. त्यांच्या आडनावातच दरबार बसला आहे. पारसनीस म्हणजे फारसीनवीस, फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. फडणीस, चिटणीस, सबनीस यांच्यातला ‘नीस’ हाच ‘नवीस’. हिंदू घराच्या पाटीवर फारसी, आणि आमच्या तांबोळी बांधवांच्या पाटीवर संस्कृतातला ‘तांबूल’! इनामदार, पाटील, देशमुख, जमादार ही आडनावे तर दोन्हीकडे आहेत. पहिले नाव विचारल्याशिवाय उलगडा होत नाही.

तिथून रहिमतपूर, कराड, इस्लामपूर करत आम्ही मिरजेपर्यंत गेलो. रहिमतपूरच्या नावात ‘रहमत’ आहे. तिथली मशीद आणि मकबरा आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या नावाशी जोडले जातात. कराडला मशिदीचे उंच मनोरे पाहून पुढे निघालो.

वाटेत दुकानांच्या पाट्या वाचणे हाच आमचा उद्योग होता. अत्तार, बागवान, मणेर, नदाफ. नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा, शब्द अरबी. मुजावर हाही अरबी, दर्गाहच्या सान्निध्यात राहून खिदमत करणारा. मुलाणी गावगाड्यात बलुतेदार होता, जत्रेत त्याचा मान असे. मोमीनचा अर्थ श्रद्धावंत, पण आपल्याकडे त्याचा संबंध विणकरांच्या मागाशी. नालबंद घोड्यांना नाल ठोकायचा. जगभर हीच रीत दिसते. जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव म्युलर, म्हणजे पिठाची चक्की चालवणारा. श्मिट म्हणजे लोहार.

वाळवा तालुक्याच्या मुख्य गावाचे, उरुण-इस्लामपूरचे, नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. वाद घालणारे घालोत. आमची काळजी वेगळी आहे. आजोबांचे खरेदीखत, निकाहनामा, शाळेचा दाखला यांवर जुनेच नाव असणार, आणि उद्या कचेरीत नातवाला दोन्ही नावांचे गाव एकच हे सिद्ध करावे लागेल. तेव्हा जुने कागद जपून ठेवलेले बरे.

मिरजेत मात्र पाय रेंगाळले. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्गाहच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. जवळच तंतुवाद्यांची दुकाने. इथले कारागीर मुळात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई, त्यावरून हे नाव. तलवारींचा जमाना संपला, हात रिकामे झाले. एकोणिसाव्या शतकात याच समाजातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवायला घेतली, आणि पुढे घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले. पंढरपूरकडचा भोपळा, त्यावर नक्षी, आणि आडनावाच्या शेवटी इंग्रजी ‘मेकर’. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

हे पाहताना एक गोष्ट मनाला टोचत राहिली. आपल्याकडे पुष्कळ घरांनी नदाफ, शिकलगार टाकून नुसते शेख लिहायला सुरुवात केली. धंद्याची लाज वाटली असेल, किंवा शेख जास्त शरीफ वाटले असेल. आता ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि वाडवडिलांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ निघते. मुलाचे कॉलेजचे प्रवेश तोंडावर आणि बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवतो आहे, असे चित्र घरोघरी दिसते. अशा वेळी आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा काढावा. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि इनामाची सनद असल्यास तीही पाहावी. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, म्हणून मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा आणि मग अर्ज भरावा.