गवताआडचे फूल

आठवीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मागे मला विचारले होते, "सर, आपण छायाचित्र का म्हणतो? ते तर प्रकाशाने निघते ना?" प्रश्न रास्त होता. इंग्रजीत रूढ झालेल्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'प्रकाशाने लिहिणे' असाच आहे, आणि आपल्याकडेही प्रकाशचित्र हा शब्द आहेच. तथापि रानातील वनस्पतींची चित्रे घेण्याचा नाद मला लागला, तेव्हापासून छायाचित्र हाच शब्द मला अधिक खरा वाटू लागला आहे. पानावरील शिरा, पाकळीची घडी, देठावरील लव ही सर्व दिसतात ती सावलीमुळे. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावल्या पायाखाली जातात आणि फूल कागदाच्या कपट्यासारखे सपाट दिसू लागते.

आपल्या खानदेशात या कामास वेळ फार थोडा मिळतो. फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याशी पळस फुलतो, तेव्हा सकाळी आठ वाजेपर्यंतचे ऊन चित्राच्या कामाचे. पुढे ते केशरी रंगास जाळून टाकते. श्रावणात ऊन कोवळे खरे, परंतु ते केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा नेम नसतो. ढगांत फट पडते, डोंगराचा एखादा उतार उजळतो, आणि आपण कॅमेरा डोळ्यास लावतो न लावतो तोच तो उजेड शेजारच्या उतारावर गेलेला असतो. 'श्रावणमासी' आणि 'फुलराणी' या कविता लिहिणारे बालकवी ठोंबरे आपल्याच धरणगावचे. 1918 साली जळगावजवळ भादली स्थानकावर रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला; वय अवघे अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. त्या स्थानकावरून गाडी जाते तेव्हा माझे लक्ष पुस्तकात राहत नाही.

कित्येकदा उजेड थांबतो, पण फूल थांबत नाही. कपाशीच्या शेतात उगवणारा केना तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. निंदणीच्या वेळी तुमच्या माता-भगिनी तो तण म्हणून उपटतात आणि त्यातलाच कोवळा पाला भाजीसाठी घरीही आणतात. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत अक्षरशः विरघळून जाते. जळगावास असताना त्या निळ्या रंगासाठी मी तीन सकाळी शेताच्या बांधावर बसलो होतो. पहिल्या दिवशी पाऊस आला, दुसऱ्या दिवशी वारा. तिसऱ्या दिवशी ऊन, वारा, फूल सर्व मनाजोगते जमले, आणि माझ्या डोळ्यांदेखत निंदणाऱ्या बाईंनी ते रोप उपटले. त्यांचे काही चुकले नव्हते. शेत त्यांचे होते. केन्याची आणखी एक गंमत अशी, की तो जमिनीखालीही फुलतो. ती फुले कधी उमलत नाहीत, ऊन त्यांना ठाऊक नाही, तरी त्यांत बी धरते.

या कलेचा जन्मच मुळी वनस्पतींच्या सहवासात झाला आहे. इंग्लंडातील टॅल्बट हे वनस्पतींचेही अभ्यासक होते. 1839 साली त्यांनी आपला शोध जाहीर केला तो असा: मीठ व रुप्याचा क्षार लावलेल्या कागदावर पान किंवा फूल ठेवून तो उन्हात धरावयाचा. उघडा भाग काळवंडे, पानाखालचा पांढरा राही. पुढे 1843 पासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी समुद्रातील शेवाळांचे असेच निळे ठसे घेऊन त्यांचे पुस्तक सिद्ध केले. त्या काळी कागद मिनिटेच्या मिनिटे उन्हात ठेवावा लागे. आज खिशातील मोबाईल सेकंदाच्या शंभराव्या भागात काम उरकतो. ही सोय झाल्यामुळे आपण अधिक धीराने पाहू लागलो, असे मात्र माझ्या तरी अनुभवास आलेले नाही. मी पुढे जे सांगणार आहे ते त्याचेच उदाहरण होय.

तीन वर्षांपूर्वी 15 ऑगस्टचे ध्वजवंदन आटोपून आम्ही सहा जण लळिंगास गेलो. धुळ्याहून दक्षिणेस सुमारे तीन कोसांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत फारुकी राजांच्या काळातला तो किल्ला आहे. आम्हाला किल्ल्यापेक्षा त्याच्या पायथ्याचे गवत पाहावयाचे होते. दुपारभर आभाळ गच्च होते. उतरताना एका मुलाने कमरेइतक्या गवतात एक बारीक वेल दाखविली. तिच्यावर बोटाच्या पेरापेक्षा किंचित लांब असे एक फूल उभे होते. खाली फुगीर, वर हिरवट पांढरी नळी, आणि टोकाशी जांभळ्या पाकळ्या एकमेकींस मिळून झालेला इवलासा पिंजरा. ती खर्पुडी होती. शास्त्रज्ञ तिला सेरोपेजिया बल्बोसा म्हणतात. या कुळातील फुलांस कंदीलपुष्प असेही सुंदर नाव आहे. लहान माशी वासाने त्या नळीत शिरते. आतले केस खाली वळलेले असल्याने तिला परत येता येत नाही. पुढे ते केस सुकतात, फूल कलते, आणि माशी अंगावर पराग घेऊन सुटते. फूल तिला मारीत नाही. मुक्कामास ठेवून घेते, इतकेच.

मी वाकलो आणि त्याच क्षणी पश्चिमेकडे ढग फाटले. साडेपाच वाजले होते. तिरपे, पिवळे ऊन उतारावर आले आणि ते फूल आतून दिवा लावावा तसे उजळले. परंतु गवताच्या काड्यांच्या सावल्या नेमक्या त्याच्यावर पडत होत्या. मी क्षणभरही विचार केला नाही. दोन्ही हातांनी वीतभर अंतरातील सर्व गवत उपटले. एका मुलास कोरी वही उघडून उजेड परतविण्यासाठी धरावयास लावली, दुसऱ्यास वारा अडविण्यासाठी उभे केले. ऊन चार मिनिटे टिकले असेल. चित्र उत्तम आले. शाळेच्या फलकावर ते लागले, पालकांनी वाखाणले, आणि मीही ती स्तुती संकोच न करता घेतली.

दोन आठवड्यांनी फळे पाहण्यासाठी मी पुन्हा गेलो. खर्पुडीस शिंगांसारख्या जोडशेंगा येतात आणि त्यांतील बियांना रेशमी तुरे असतात. त्यांचे चित्र घ्यावे असा बेत होता. जागा सापडावयास अडचण पडली नाही, कारण मी केलेले ते मोकळे वर्तुळ दुरूनही दिसत होते. त्याच्या मध्यभागी एक खड्डा होता. शेजारी बकऱ्या चारणारा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. मी विचारताच त्याने न लपविता सांगितले की खालचा कंद त्याने काढून खाल्ला; तो गोड लागतो. मी जरा रागानेच म्हणालो, "इतक्या गवतात तुला तो दिसला कसा?" तो अहिराणीत म्हणाला, "गुरुजी, तुम्हीन गवत काढं, म्हनीसन माले दिखनं."

मजजवळ उत्तर नव्हते. पिशवीतील पोळी त्याला दिली, आणि आम्ही दोघे त्या खड्ड्याशेजारी बसून खाल्ली. तो शाळेत जात असे, पण बकऱ्यांकडे पाहणारे दुसरे कोणी नसले म्हणजे जात नसे.

खर्पुडी अगदीच दुर्मीळ नाही. भारतात ती पुष्कळ ठिकाणी आढळते. सह्याद्रीत मात्र तिच्या अशा बहिणी आहेत की ज्या जगात अन्यत्र कोठेही उगवत नाहीत. माझ्या हातून अशी एखादी गेली असती तर काय, हा विचार त्या रात्री मनातून जाईना. रानातील फुलांकडे पाहा, असे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात म्हटले आहे, आणि हा उतारा मी नीतिपाठाच्या तासाला कितीदा तरी शिकविला आहे. त्याच उताऱ्यात लगेच पुढे रानातल्या गवताचाही उल्लेख येतो. गवत आज आहे आणि उद्या भट्टीत पडते, तरी देव त्यालाही पोशाख घालतो, हे मी मुलांना समजावून सांगत असे. आणि मी ते उपटून बाजूस टाकले होते.

दुसऱ्या वर्षी त्या जागी काही उगवले नाही. फलकावरील चित्र मी काढून घेतले. वर्गात त्याचे कारणही सांगितले. शिक्षकाने आपली चूक सांगावी की नाही याविषयी आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन मते आहेत, मी सांगितली.

गेल्या भाद्रपदात पुन्हा मुलांसह त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगास गेलो असता खर्पुडीची दुसरी वेल भेटली. अर्धा तास ढगच होते. मुले गवतात पाय जपून ठेवीत बसून राहिली. मग एकदम ऊन आले. गवताचे एक पाते नेमके फुलाच्या आड होते, आणि एका मुलाचा हात सवयीने पुढे गेला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो हात मागे घेतला. मी दोन चित्रे घेतली, तोच ऊन गेले.

त्यांतील एक चित्र आता विज्ञानाच्या खोलीतील फलकावर आहे. त्यात सर्वत्र गवत आहे, काड्यांच्या पिवळ्या रेषा आहेत आणि त्यांच्या सावल्या आहेत. पाहणारे पालक बहुधा प्रथम हेच विचारतात, "यात फूल कोठे आहे?" तेव्हा मुले पुढे होऊन बोट ठेवून दाखवितात. जागा कोणती, हे मात्र ती कोणास सांगत नाहीत.