विमानांतील दिवा

बदलापूरच्या लोकल गाडीस शौचकूप नसतो. मुंबईपर्यंत सुमारें ६८ किलोमीटर. अंबरनाथ, उल्हासनगर मागें पडतात, गर्दींत पाऊल हलत नाहीं, आणि देहधर्म आवरून धरण्याची आम्हां बदलापूरकरांस संवयच जडते. म्हणून आजीसह आम्ही प्रथमच विमानानें नागपुरास निघालों, तेव्हां आंत शौचकूप आहे हें पाहून तिला मोठें समाधान वाटलें.

विमान उतरूं लागलें आणि कमरपट्टा बांधण्याची खूण दाखविणारा दिवा लागला. नेमकी तेव्हांच आजी उठूं लागली. "आजी, बसून राहा!" हवाईसुंदरी दुरूनच ओरडली. आजूबाजूचे कांहीं गृहस्थ हंसले. आजी मधुमेही, विमान थांबेपर्यंत ती डोळे मिटून बसली. आम्हांस त्या बाईचा फार राग आला.

मागाहून वाचनांत आलें कीं, १ मे २०२२ रोजीं मुंबईहून बंगालमधील दुर्गापुरास गेलेलें विमान उतरतांना खवळलेल्या हवेंत सांपडून अनेक प्रवासी जखमी झाले. अशा हिसक्यानें पट्टा नसलेला मनुष्य थेट छतावर आदळतो. हवाईसुंदरीवरचा राग निवळला. हंसणारांवरचा मात्र नाहीं.

आणि स्वतःवरचाही नाहीं. आजी अर्धा तास अडली होती. पण खिडकीशीं बसलेल्या तिला दोघां परक्यांस उठविण्याची लाज वाटली, व आम्ही मागल्या रांगेंत ढग पाहण्यांत गुंग होतों.

परततांना आम्हीं तिला वाटेकडची जागा दिली. दिवा मालवतांच ती जाऊन आली. आणि विमान उतरूं लागण्यापूर्वीं, गरज नसतांही, पुन्हां एकदां जाऊन आली.