बॉम्बे हायचा वायू जाळला का गेला?

विकता येण्याजोगे इंधन कोणी शहाणा माणूस उगाच जाळून टाकील काय? तेलफलाटावर रात्रंदिवस धगधगणाऱ्या ज्वाळेचे छायाचित्र पाहिले की हा प्रश्न पडतोच. उत्तरासाठी आपल्याच समुद्रात जाऊ.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. भूगर्भातील प्रचंड दाबामुळे तेलात वायू विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसा, तेल वर येताना दाब उतरतो आणि वायू सुटा होतो. तेल जहाजात भरून नेता येते. आरंभी ते तसेच नेले जाई. वायूला मात्र कॉम्प्रेसर, समुद्रतळावरची नळवाहिनी, किनाऱ्यावरचा प्रकल्प आणि रोज माल उचलणारे गिऱ्हाईक, हे सारे एकाच वेळी सज्ज लागते. वायू अडवायचा तर तेलही थांबवावे लागणार, आणि १९७३च्या तेलसंकटाने पोळलेल्या देशाला ते परवडणारे नव्हते.

मग तो नुसता हवेत का सोडला नाही? फलाटावर स्फोट होईल म्हणून. शिवाय मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो; अर्थात या दुसऱ्या कारणाची त्या काळी फारशी कोणाला फिकीर नव्हती.

नळवाहिन्या उरणला पोहोचल्या, थळचा खत कारखाना उभा राहिला, १९८४ मध्ये ‘गेल’ची स्थापना होऊन हाजिऱ्याहून उत्तरेकडे वाहिनी निघाली. तरीही त्या दशकात बराच वायू समुद्रावरच जळत राहिला.

त्याच वर्षांत आमच्या घरचे नाव सिलिंडरच्या प्रतीक्षायादीत होते. रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभे राहण्याचे काम माझे; वातींच्या स्टोव्हची काजळी पुसण्याचे आईचे. पुढे वाचनात आले की प्रोपेन आणि ब्युटेन, म्हणजे सिलिंडरातला तोच गॅस, उरणला या वायूतूनच वेगळा काढतात. तेव्हापासून त्या ज्वाळेकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही. यात कोणाची दुष्टबुद्धी होती असे मात्र मी म्हणणार नाही. पैसा आणि घाई तेलासाठी होती. वायूचा विचार मागाहून झाला, एवढेच.

केवळ कायद्यानेही हे थांबत नाही. नायजेरियाने १९७९ मध्ये कायदा करून १ जानेवारी १९८४ नंतर परवानगीवाचून वायू जाळण्यास बंदी घातली. नायजर नदीच्या मुखप्रदेशातील गावे त्यानंतरही कित्येक दशके त्या उजेडात झोपत राहिली.

एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येक ज्वाळा म्हणजे उधळपट्टी नव्हे. सगळा वायू वापरात असला, तरी कॉम्प्रेसर अकस्मात बंद पडल्यास त्याला वाट हवी असते. त्यासाठी मनोऱ्याच्या टोकाशी एक लहानशी ज्योत कायम तेवत ठेवावी लागते.