आजीच्या वहीतला कमरकट

आमच्या घरी कुंभकोणमला मराठी बोलतात, यावर हाउसमधल्या नव्या मुलांचा पटकन विश्वास बसत नाही. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरकडे गेलेली बरीच मराठी कुटुंबं १८५५ मध्ये तिथलं राज्य गेल्यावरही तिकडेच राहिली. आम्ही त्यांच्यापैकी.

कमरकट ही तमिळनाडूतली जुनी गोळी. गूळ आणि नारळ, एवढंच. लहान दुकानांत बरणीत ठेवलेली असते. दिसते सुपारीएवढ्या लाडवासारखी, पण लाडू समजून चावली तर दाताचं काही खरं नाही. गालात धरून ठेवायची.

आजीची कृती तिच्या सासूबाईंच्या वहीत आहे. वही मराठीत, पण लिपी तमिळ, कारण शाळा तमिळ होती. तमिळमध्ये क, ख, ग, घ या सगळ्यांना एकच अक्षर. प, फ, ब, भ यांचंही तसंच. म्हणजे गूळ, कूळ आणि खूळ वहीत अगदी सारखे दिसतात! चेन्नईच्या माझ्या भावंडांना अक्षरं वाचता येतात, पण त्यांची मराठी सुटली आहे. इथल्या मित्रांना मराठी येते, पण अक्षरं येत नाहीत. आजीला दोन्ही येतं, पण आता पेन्सिलीचं पुसट लिहिलेलं दिसत नाही. म्हणून या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोठ्याने वाचायचो, ती शब्द सांगायची आणि मी देवनागरीत उतरवायचो.

खोवलेल्या नारळाच्या भारोभार गूळ. तो थोड्या पाण्यात विरघळवून गाळायचा, खडे-काड्या निघतात. पुढे वहीत एकच शब्द, मग नारळ. तो शब्द पाक, भाग, बाग काहीही असू शकतो. आजी म्हणाली, "पाक रे! बाग कुठून आणतोस चुलीवर?"

पण कसला पाक, ते वहीत नाही. ते आजीच्या कानात आहे. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि ताटलीवर टाकायची. "थप" वाजलं तर अजून उकळू दे. "टण्" वाजलं की झालं. पाणी उडून जातं तसा पाक जास्त तापत जातो, आणि कडक गोळी साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढे होते. आजीला थर्मामीटर लागत नाही. ती बाहेरच्या खोलीतून ऐकूनच ओरडली, "अजून नाही!" तिसऱ्या वेळी काही बोलली नाही. मी नारळ घातला.

मग पितळी पातेल्याच्या कडा सुटेपर्यंत ढवळायचं, वेलची घालायची आणि हाताला तूप लावून गरम असतानाच वळायचं. गार झालं की वळत नाही. रायफल ड्रिलने घट्ट झालेले तळवे इथे उपयोगी पडले.

साठ गोळ्या डब्यात भरून आणल्या. हाउसमध्ये दोन दिवस पुरल्या.

वहीची अकरा पानं उतरवून झाली. बाराव्याचा मथळा कढी, कडी, खडी, गडी किंवा घडी असा कसाही वाचता येतो. कढीच असणार, असं तुम्ही म्हणाल. पण खाली मैदा आहे आणि साखर आहे. रविवारी फोनवर आजीला विचारणार आहे.