हजार डॉलर निघाले, पोचले किती?

दादा सिंगापूरला नोकरीला आहे. बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यानं हजार सिंगापुरी डॉलर पाठवले आणि चिपळूणच्या बँकेतलं काम माझ्याकडे आलं. परदेशातून आलेल्या पैशांचं मला काहीच ठाऊक नव्हतं. दादानं फोनवर सांगितलेल्या आकड्यापेक्षा खात्यात कमी रुपये दिसले, एवढंच कळत होतं.

"ताई, सगळं आम्ही नाही कापलं. मधल्या बँकेनंही घेतलेत," काउंटरवरचे साहेब म्हणाले. मधली कुठली? त्यांनी कागदावर रेघा ओढून दाखवल्या. दोन बँकांची एकमेकींकडे खाती नसली, की दोघींना जोडणारी तिसरी बँक लागते. तीही आपलं शुल्क घेते. स्विफ्ट, स्विफ्ट म्हणतात ते पैसे नेतच नाही, नुसता बँकांचा निरोप पोचवतं. पैसे एका खात्यात वजा होतात, दुसऱ्यात जमा. एकही नोट समुद्र ओलांडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग जीएसटी. रुपयांत बदलण्याच्या सेवेवर तो लागतो. एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का धरायचा, त्यावर 18 टक्के. म्हणजे ₹62,000 वर साधारण ₹112. तरीही हिशेब जुळेना. उरलेली तूट दरात होती. समजा, सिंगापुरी डॉलरचा बाजारभाव 62 रुपये आहे आणि बँकेनं आपल्याला 61 चा दर दिला. हजार डॉलरमागे हजार रुपये गेले. पावतीवर ते शुल्क म्हणून कुठेच लिहिलेलं नसतं. 'शुल्क शून्य' अशी पाटी लावूनही कमाई कशी होते, ते इथे उमगलं.

साहेबांनीच यूपीआयचं सुचवलं. 21 फेब्रुवारी 2023 ला आपलं यूपीआय आणि पेनाऊ ही सिंगापूरची पैसे पाठवण्याची सोय एकमेकांना जोडली गेली. दिवसाला ₹60,000 ची मर्यादा आहे, काही ठरावीक बँकांतच ही सोय आहे. दादाच्या बँकेत ती निघाली. पुढचे पैसे त्यानं माझ्या यूपीआय आयडीवर पाठवले. पाठवण्याआधीच त्याला दोन्ही चलनांतले आकडे दिसले, आणि मला तेवढेच रुपये मिळाले.

पण माझा मावसभाऊ कुवेतला आहे. त्याला हा रस्ता नाही. जागतिक बँकेच्या पाहणीत 200 अमेरिकी डॉलर पाठवायचा जगाचा सरासरी खर्च अजून सहा टक्क्यांच्या वर आहे. 2030 पर्यंत तो तीन टक्क्यांच्या आत आणायचं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या पगारातून हा खर्च जातो, याचा मला राग येतो. मी त्याला म्हटलं, "शुल्क किती ते विचारू नकोस. शंभर दिनार दिले तर घरी रुपये किती पोचतील, एवढंच विचार." त्यानं शेजारशेजारच्या दोन एक्स्चेंजमध्ये विचारलं. शुल्क दोन्हीकडे सारखंच होतं, पोचणारे रुपये मात्र वेगळे.