नगरसेवकाचं पत्र

15 जानेवारीला आमच्या चाळीतल्या काकी प्रतीक्षानगरहून मतदानाला आल्या. चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हापासून त्या सायनच्या संक्रमण शिबिरात राहतात. मतदारयादीत नाव मात्र प्रभादेवीलाच. परळला बसमधून उतरल्या. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबरपासून बंद आहे, त्यामुळे स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढून इकडे यायचं. गुडघे दुखतात, मध्ये दोनदा थांबल्या. वर बसभाडं. 9 मे 2025 पासून बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, तेव्हा विचारायला बेस्ट समितीच नव्हती. समिती नव्हती, कारण नगरसेवकच नव्हते.

मी डिप्लोमा करून गावाहून इथे आलो, तेव्हा मलाही नगरसेवक म्हणजे गटार, नळ आणि गणपतीचा बॅनर एवढंच वाटायचं. बॅनर तर असतातच म्हणा. पण 7 मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली आणि तो माणूस काय करत होता ते तेव्हा कळलं.

2023 ला काकींना आधारवर शिबिराचा पत्ता घालायचा होता. भाडेकरार नाही, लाईटचं बिल नावावर नाही. अशा वेळी नगरसेवकाचं पत्र चालतं. माजी नगरसेवकाने पत्र आनंदाने दिलं, पण खिडकीवरच्या बाईंनी ‘माजी’ शब्दावर बोट ठेवून ते परत केलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं त्यांचं. मग आमदारांच्या कार्यालयात जायचं. एका नगरसेवकामागे मुंबईत सरासरी पंचेचाळीस हजार मतदार येतात, आमदारामागे कितीतरी जास्त. काकी तीन वेळा गेल्या, मग नाद सोडला.

पत्राचं जाऊ द्या, पैशाचं बघा. पालिकेचा 2022-23 चा अर्थसंकल्प 45,949 कोटींचा होता, 2025-26 चा 74,427 कोटींचा. 2022-23 नंतरचे तीन अर्थसंकल्प अतिरिक्त आयुक्तांनी मांडायचे आणि आयुक्तांनीच प्रशासक म्हणून मंजूर करायचे! हा खर्च आमच्या गल्लीत का नाही, असं उभं राहून विचारणारा सभागृहात एकही नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये आमदार-खासदारांना पालिकेच्या तिजोरीतून कामांसाठी निधी द्यायचं धोरण आलं. पुढच्या जानेवारीत इंडियन एक्सप्रेसने कागदपत्रांवरून दाखवलं की निधी सत्ताधारी बाजूच्या आमदारांना मिळाला, विरोधी बाजूच्यांना नाही. म्हणजे तुमच्या गल्लीतली लादी बदलणार का, हे तुमच्या मतदारसंघाने विधानसभेला कोणाला निवडलं त्यावर.

राज्यघटनेच्या 243-यू कलमात स्वच्छ लिहिलंय, पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. आमची झाली जवळजवळ चार वर्षांनी. आधी ओबीसी आरक्षणाचा वाद, मग 227 चे 236 प्रभाग, सरकार बदलल्यावर 236 चे पुन्हा 227. कारणं सगळ्या बाजूंनी पुरवली, एकट्याला कशाला दोष द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला चार महिन्यांची मुदत दिली, ती पुढे 31 जानेवारीपर्यंत वाढली, तेव्हा कुठे मशीन बाहेर निघाली.

केंद्रावर काकींचं नाव सापडलं. शेजारच्या ओळीत काकांचंही होतं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. काकींनी त्या ओळीकडे जरा वेळ बघितलं, काही बोलल्या नाहीत. बोटावर मार्करची रेघ उठली. ती पुसली जाते की नाही, यावर बाहेर पोरांचे व्हिडिओ चालले होते.

चहा घेताना त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. आत 2023 चं तेच पत्र, घडीवर पिवळं पडलेलं.

“आता नवीन माणूस बसला की याच्यावर सही मिळेल ना रे?”

“नवीन पत्र लागेल, काकी.”

“मग ऑफिस कधी उघडतं ते बघून ठेव. मला परत त्या पायऱ्या चढून यायला लावू नको.”

टोकाच्या त्या कार्यालयाचं शटर मी आज सकाळी बघून आलो. रंगकाम चालू आहे. सोमवारी उघडेल, असं रंगारी म्हणाला.