भाग्य आंत, ओनीहि आंत

तोक्योच्या पूर्वभागीं निशि-कासाई येथें आमचें बिऱ्हाड आहे. या भागांत भारतीयांची वस्ती मोठी. त्यामुळें गणपति, दिवाळी, संक्रांत यांपैकीं कांहींच चुकत नाहीं. परंतु आमच्या धाकट्या कन्येनें आम्हांस जे सण लावले, ते येथल्या ऋतूंचे.

धाकटी आतां सात वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन ऐवजीं तीन प्रती तिच्या शरीरांत आहेत. दृष्ट लागून, ग्रहण पाळलें नाहीं म्हणून किंवा आईच्या खाण्यापिण्यामुळें असें होत नाहीं. जेरोम लज्यून प्रभृति फ्रेंच संशोधकांनीं या स्थितीचें मूळ १९५९ सालीं दाखवून दिलें आहे. आमच्या पुण्याच्या घरास मात्र तें उमजावयास फार काळ लागला. "तिकडे अशा मुलांसाठीं संस्था असतील," आजी दूरध्वनीवर म्हणाल्या होत्या, "थोरलीच्या लग्नाचें पुढें पाहावें लागेल. हिला तेथेंच कोठें तरी ठेवा." आम्हांस राग आला, पण पहिलें वर्षभर आम्हीं तरी तिचें एकहि छायाचित्र कोणास धाडलें नव्हतें!

येथें वसंतारंभाच्या आदल्या दिवशीं, बहुधा ३ फेब्रुवारीस, 'सेत्सुबुन' येतो. भाजलेलें सोयाबीन फेंकीत "ओनी वा सोतो, फुकु वा उचि" असें ओरडावयाचें. अर्थ इतकाच कीं राक्षस बाहेर, भाग्य आंत. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं सूप वाजवून अलक्ष्मीस हांकलण्याची चाल आहे, त्याच जातीचें हें. मागाहून आपल्या वयाइतके दाणे मोजून खावयाचे. धाकटीचे स्नायू जन्मतः शिथिल, चावणें अपुरें. भाजलेला कठीण दाणा घशांत अडकण्याचें भय असतें. म्हणून तिच्यापुरते आम्ही मऊ शिजवितों.

२०२३ सालीं ती चार वर्षांची होती. आमच्यापैकीं एकानें (कोणीं, तें सांगणें नलगे) तांबडा मुखवटा चढविला. थोरलीनें दाण्यांचा मारा आरंभिला. धाकटीनें मात्र ओनीचें बोट धरलें, त्यास उशीवर बसविलें आणि त्याच्या कागदी तोंडांत एक मऊ दाणा कोंबून म्हणाली, "उचि!" 'सोतो' हा शब्द तिला तेव्हां उच्चारतां येत नव्हता, कारण एवढेंच असेल. तिच्या अंगीं साधुत्व चिकटविण्याची आम्हांस हौस नाहीं. हीच मुलगी बहिणीची वेणी ओढून पळते. तथापि नकोशास घराबाहेर घालविण्याचे शब्द त्या क्षणीं आमच्याच तोंडीं होते, आणि ते पुढें उच्चारवेनात.

शेजारच्या वृद्ध बाईंस हें सांगितलें, तेव्हां त्या हंसल्या. नारा प्रांतांत योशिनोच्या डोंगरावर किंपुसेन्-जि नांवाचें मंदिर आहे. तेथें "भाग्य आंत, ओनीहि आंत" असेंच म्हणतात. देशभर हांकलले गेलेले ओनी जातील तरी कोठें, म्हणून तेथें त्यांस बोलावून घेतात व सन्मार्गास लावतात.

तेव्हांपासून आम्ही येथले सण मनापासून करूं लागलों. शरदांतील चंद्रदर्शनास तांदुळाच्या पिठाचे पंधरा 'दांगो' वळावे लागतात. बोटांस बळ यावें म्हणून माती मळावयास सांगितली होती, तिला ती हात लावीत नसे. उकडीसारखें तें पीठ मात्र तासभर मळते. गोळे लहानमोठे होतात. चंद्राची तक्रार नाहीं.

२०२५ सालीं सेत्सुबुन २ फेब्रुवारीस, रविवारीं आला. त्या हिंवाळ्यांत आजी प्रथमच आमच्याकडे आल्या होत्या. त्यांस अठ्ठ्याहत्तर दाणे हवे होते. दांत नसल्यामुळें तेहि मऊ शिजविलेले! मोजून देण्याचें काम धाकटीनें मागून घेतलें. तिचे आंकडे तिनापर्यंत नीट चालत आणि चार गाळून पांचावर उडी घेत. आजी म्हणत, "चार राहिले, बाळ," कीं सगळा ढीग मोडून पुनः एकापासून आरंभ. असें किती वेळां झालें, कोण जाणे. शेवटीं आजींनीं तिचें बोट धरून एकेक दाणा सरकवावयास घेतला.

मुखवटा घातलेले गृहस्थ दाराबाहेर थंडींत उभेच होते. आंतून आजींचा आवाज आला, "अगं, तुझा तो ओनी बाहेर कुडकुडत असेल. बोलाव त्याला आंत."